नाव पॅरिसचं, गाव व्हिएन्ना!

कॅफेच्या मेनूकार्डावर हा शब्द दिसला की आपल्यातले निम्मे जण बोट ठेवून म्हणतात, 'एक हे द्या.' उरलेले धीर करून क्रॉइसंट, क्रोझंट, क्वासों असं काहीतरी म्हणून टाकतात. काउंटरवरच्या मुलालाही उच्चाराची खात्री नसते, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. फ्रेंच माणूस साधारण 'क्र्वासाँ' म्हणतो, तोही 'र' घशात घोळवून. आपण इथे सोयीसाठी 'क्रोसाँ' म्हणू या.

शब्दाचा अर्थ मात्र आपल्या ओळखीचा आहे. क्रोसाँ म्हणजे वाढत जाणारी चंद्राची कोर. थोडक्यात, चंद्रकोर. आकारावरून पडलेलं सरळ साधं नाव.

पण या चंद्रकोरीभोवती गोष्टींचा इतका मोठा पसारा जमलाय, की खरं काय आणि रंगवलेलं काय हे कळेनासं झालंय. रील्समध्ये, फूड ब्लॉगवर, अगदी कॅफेच्या भिंतीवरच्या फळ्यावरही तुम्ही त्यातली एखादी गोष्ट वाचली असेल. आज त्या गोष्टी जरा तपासू या. आणि मग आत काय घालतात तेही बघू या, कारण खरी गंमत आणि खरी भानगड दोन्ही तिथेच आहेत.

गोष्ट पहिली: बेकरीवाले आणि बोगदा

साल १६८३. ऑटोमन सैन्याने व्हिएन्नाला वेढा घातलाय. रात्री शहर झोपलेलं, पण बेकरीवाले पाव करायला जागे. त्यांना जमिनीखालून खणल्याचे आवाज येतात. ते धावत जाऊन सैन्याला सावध करतात, शहर वाचतं. विजयाच्या आठवणीसाठी ते शत्रूच्या निशाणावरच्या चंद्रकोरीच्या आकाराचा पाव भाजतात आणि लोक ती चंद्रकोर चावून खातात.

एकदम सिनेमा! अडचण एवढीच, की याच गोष्टीची दुसरी आवृत्ती बुडापेस्टची आहे आणि तिचं साल १६८६ आहे. १९३८ साली फ्रान्समध्ये 'लारूस गॅस्ट्रोनॉमिक' हा खाद्यपदार्थांचा मोठा कोश निघाला. या वेढ्यांच्या कथा लोकप्रिय होण्यात त्या कोशाचा मोठा वाटा आहे. म्हणजे घटना सतराव्या शतकातली आणि गाजावाजा विसाव्या शतकातला.

याहून मोठी अडचण आहे ती पावाची. ऑस्ट्रियात 'किप्फेर्ल' नावाचा चंद्रकोरीसारखा वळवलेला पाव करतात. त्याचे उल्लेख तेराव्या शतकापासून मिळतात. वेढा पडला तेव्हा हा पाव चारशे वर्षांचा होऊन गेला होता. मग तो विजयाच्या आठवणीसाठी जन्मला कसा?

गोष्ट दुसरी: राणीचं माहेर

दुसरी गोष्ट मारी आंत्वानेतची. ही व्हिएन्नाची राजकन्या १७७० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, लग्न होऊन फ्रान्सला आली. तिला माहेरच्या पावाची आठवण यायची, म्हणून तिने तो फ्रान्समध्ये करायला लावला आणि क्रोसाँ जन्मला, अशी ही कथा. सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्या खाण्याची आठवण येणं आपल्याला लगेच पटतं. पण तिच्या काळातल्या लेखनात याला आधार सापडत नाही. त्या काळी राणी काय नेसली, काय खाल्लं, किती उधळलं यावर पानंच्या पानं लिहिली जात होती. अशा राणीने नवा पाव आणला आणि कुणी त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, हे जरा अवघड वाटतं.

पत्रकारितेच्या वर्गात एक गोष्ट डोक्यात पक्की बसते. किस्सा फारच गोड लागला, तर आधी तारखा बघायच्या. इथे दोन्ही किस्से तारखांवरच अडकतात.

आता तुम्ही म्हणाल, एका पावाची दंतकथा, खरी असली काय आणि खोटी असली काय! पण २०१३ साली सीरियातल्या यादवीत अलेप्पोच्या बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात क्रोसाँ निषिद्ध ठरवल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. कारण काय, तर हा पाव मुसलमानांवरच्या विजयाची खूण आहे! ज्या गोष्टीला पुरावा नाही, तिच्यावरून युद्धात होरपळलेल्या लोकांच्या न्याहारीवर बंदी. सांगोवांगीच्या इतिहासाची किंमत अशी कुठेतरी, कुणालातरी मोजावी लागते.

मग आणला कुणी?

क्रोसाँच्या गोष्टीत ज्याचा पत्ता लागतो असा माणूस म्हणजे ऑगस्ट झांग. १८०७ साली व्हिएन्नात जन्मलेला, तोफखान्यात अधिकारी राहिलेला. बेकरीशी याचा परंपरेने संबंध नव्हता, पण धंद्याचं नाक तीक्ष्ण होतं. १८३८-३९च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये रिशेलिउ रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या जागेत 'व्हिएन्ना बेकरी' थाटली.

झांगने तिथे व्हिएन्नाच्या पद्धतीचे पाव विकायला ठेवले, किप्फेर्लही त्यांतच. भट्टीत वाफ सोडायची व्हिएन्नाची पद्धत त्याने वापरली. वाफेमुळे पावाचं वरचं कवच पातळ आणि चकचकीत होतं. पॅरिसकर तुटून पडले. थोड्याच वर्षांत शहरातल्या इतर बेकऱ्यांनी त्याची नक्कल सुरू केली आणि 'व्हिएन्नाचा पाव' ही फॅशन झाली. आजही फ्रान्समध्ये क्रोसाँ, चॉकलेट भरलेला पाव, ब्रियॉश या सगळ्या मंडळींना मिळून 'व्हिएन्वाझरी' म्हणतात. म्हणजे व्हिएन्नाकडच्या गोष्टी. दुकानाच्या पाटीवर फ्रेंच लोक रोज कबूल करतात की हे आमचं मूळचं नाही!

झांग स्वतः पुढे बेकरी सोडून १८४८ साली व्हिएन्नाला परतला आणि त्याने काय काढलं असेल? वर्तमानपत्र! 'डी प्रेसे' हे त्याचं दैनिक. पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दांचं 'ला प्रेस' स्वस्तात विकून जाहिरातींवर चालताना त्याने पाहिलं होतं. तेच गणित त्याने घरी लावलं. म्हणजे पॅरिसला चंद्रकोर दिली आणि येताना स्वस्त पेपरची कल्पना घेऊन आला. ही देवाणघेवाण तुम्ही नेमकी पेपरातच वाचताय, हे आमच्या दृष्टीने विशेष.

व्हिएन्नाचा पाव फ्रेंच कसा झाला?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. झांगने आणलेला किप्फेर्ल आणि आज तुम्ही खाता तो क्रोसाँ हे एकच नाहीत. किप्फेर्ल हा जरा मऊ, भरीव पाव. त्याला पापुद्रे नाहीत. नाव मात्र फ्रेंचांनी लवकर बदललं. एमिल लित्रेच्या १८६३ सालच्या शब्दकोशात 'क्रोसाँ' हा शब्द पावाच्या अर्थाने आला आहे.

पापुद्रे आले ते फ्रेंच हातांतून. फ्रान्समध्ये लोणी आणि मैद्याच्या घड्या घालून पदर सुटणारी पेस्ट्री आधीपासून करत होते. कुणीतरी हे तंत्र यीस्ट घातलेल्या कणकेला लावलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्यासारख्या क्रोसाँच्या कृती छापून येऊ लागल्या. एका देशाचा आकार, दुसऱ्या देशाचं तंत्र. मग हा पदार्थ कुणाचा? दोघांचा म्हणा की! पदार्थाला एकच जन्मदाखला लागतो असं कुणी ठरवलंय?

आत काय असतं?

सामानाची यादी वाचून तुमचा अपेक्षाभंग होईल. मैदा, पाणी, दूध, साखर, मीठ, यीस्ट आणि लोणी. संपलं. अर्धा किलो मैद्याला साधारण दहा ग्रॅम मीठ, पन्नास-साठ ग्रॅम साखर, वीसेक ग्रॅम ओलं यीस्ट, दूध आणि पाणी मिळून पाव लिटरच्या आसपास. आणि घड्यांमध्ये घालायला पाव किलो लोणी. हो, मैद्याच्या निम्मं!

आता तंत्र. घरी दिवाळीला चिरोटे होत असतील तर तुम्हाला ते अर्धं माहीत आहे. पोळ्या लाटायच्या, त्यांना तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, एकावर एक ठेवून गुंडाळायच्या, कापायच्या, पुन्हा लाटायच्या. तळताना साटा थरांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि पदर सुटतात. चहात बुडवायच्या खारीमागेही तीच युक्ती. क्रोसाँत साट्याच्या जागी लोण्याची अख्खी लादी असते, आणि कणकेत यीस्ट असल्यामुळे ती आतून फुगतेही.

आदल्या दिवशी कणीक मळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती लाटून मधोमध लोण्याची चौकोनी लादी ठेवायची आणि पाकिटासारखी बंद करायची. मग लांब लाटून तीन घड्या. अर्धा तास थंडाव्यात विश्रांती. पुन्हा लाटणं, पुन्हा तीन घड्या, पुन्हा विश्रांती. आणि तिसऱ्यांदा तेच. हिशेब करा, तीन गुणिले तीन गुणिले तीन. लोण्याचे सत्तावीस थर! मग पातळ लाटून लांब त्रिकोण कापायचे, रुंद बाजूकडून टोकाकडे गुंडाळायचे, दोन तास फुगू द्यायचे, वर फेटलेलं अंडं लावायचं आणि गरम भट्टीत पंधरा-वीस मिनिटं.

भट्टीत एकाच वेळी बरंच काही घडतं. फ्रान्समधल्या लोण्यात साधारण ८२ टक्के चरबी असते, उरलेल्यात मुख्यतः पाणी. लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर वर उचलते. यीस्टने केलेला वायू प्रसरण पावतो. तोवर कणीक शिजून घट्ट होते आणि त्या पोकळ्या तशाच राहतात. वर येतो तो तपकिरी रंग आणि वास, तो मुख्यतः प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या 'मायार' अभिक्रियेमुळे. १९१२ साली तिचं वर्णन करणारे रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार हेही फ्रेंचच.

हे सगळं कागदावर सोपं. अडचण आहे ती लोण्याच्या तापमानाची. लोणी फार थंड असेल तर लाटताना तुकडे पडतात आणि थर तुटतात. गरम झालं तर ते कणकेत मुरतं, मग पापुद्रे विसरा, साधा गोड पाव तयार! लाटताना लोणी पंधरा अंशांच्या आसपास हवं. क्रोसाँ फुगायला ठेवतात ती जागाही २८ अंशांच्या पुढे जाऊन चालत नाही, कारण बत्तिशीच्या आसपास लोणी वितळायला लागतं. आता मे महिन्यातली मुंबई आठवा. आपल्याकडे चांगला क्रोसाँ करणाऱ्यांच्या विजेच्या बिलाचा विचार करा. कपभर कॉफीपेक्षा तो महाग का, याचं थोडं उत्तर तिथे आहे.

वाकडा की सरळ?

आता ती भानगड. फ्रान्सच्या बेकरीत दोन प्रकार दिसू शकतात. एक 'क्रोसाँ ओ बर', म्हणजे लोण्याचा. दुसरा नुसताच 'ऑर्डिनेर', म्हणजे साधा. साध्यात बहुतेकदा मार्जरिन असतं. मार्जरिनही फ्रेंचांचंच. तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त लोणी हवं होतं. १८६९ साली हिप्पोलित मेज-मुरिएस यांनी ते गाईबैलांच्या चरबीपासून करून दाखवलं. आज ते वनस्पती तेलांपासून करतात. मार्जरिन लोण्याइतकं लवकर वितळत नाही, स्वस्त पडतं, लाटायला सोपं जातं. फक्त चव देत नाही आणि टाळूला चिकटून बसतं.

मग गिऱ्हाइकाला कळावं कसं? तिथे एक रीत पडली. लोण्याचा क्रोसाँ सरळ ठेवायचा आणि मार्जरिनचा वाकवायचा. हा कायदा नाही, सगळेच पाळतात असंही नाही. पण गंमत बघा, जी कोर या पदार्थाला नाव देऊन गेली, तीच आता स्वस्त मालाची खूण होऊन बसली!

कायदा पावाला, क्रोसाँला नाही

खरा प्रश्न याहून मोठा आहे. फ्रान्समध्ये १९९८च्या कायद्याने 'बुलांजरी' म्हणजे बेकरी ही पाटी कुणी लावायची ते ठरवलंय. पाव त्याच ठिकाणी मळला, फुगवला, घडवला आणि भाजला गेला पाहिजे. गोठवलेला चालणार नाही. पण हा नियम पावाचा आहे. क्रोसाँ त्यात बसत नाही. त्यामुळे एखादी बेकरी पाव स्वतः करेल आणि क्रोसाँ मात्र कारखान्यातून गोठवलेले मागवून सकाळी नुसते भाजेल. पाटी तीच, वास तोच, काचेमागे तोच सोनेरी ढीग. गिऱ्हाइकाला पत्ता नाही.

हे का होतं, तेही समजून घ्यायला हवं. वर सांगितलेला दोन दिवसांचा खटाटोप आठवा. त्यासाठी कुणीतरी पहाटे तीन-चारला उठतं. कारखान्यातला क्रोसाँ मात्र खोक्यातून काढून वीस मिनिटांत तयार. वर लोण्याचा भाव कुणाच्या हातात नाही. २०१७ साली युरोपात लोण्याचा भाव दीडेक वर्षात दुपटीहून जास्त झाला आणि त्या शरद ऋतूत चक्क फ्रान्समधल्या दुकानांत लोण्याची फळ्या रिकाम्या दिसल्या. ज्याच्या कृतीत मैद्याच्या निम्मं लोणी आहे, त्या बेकरीवाल्याने तेव्हा काय करायचं? भाव वाढवायचा, मार्जरिनकडे वळायचं, की खोकी मागवायची? प्रत्येक पर्यायात काहीतरी जातं. गिऱ्हाईक, चव, नाहीतर हातातली कला.

या सगळ्यात टिकून राहणारेही आहेतच. शाराँत-प्वातू भागातल्या लोण्याला १९७९पासून भौगोलिक नावाचं संरक्षण आहे, साधारण आपल्या रत्नागिरीच्या हापूसला असतं तसं. तिथल्या लोण्यात केलेल्या उत्तम क्रोसाँसाठी पॅरिस भागात स्पर्धा होते आणि जिंकणाऱ्या बेकरीबाहेर रांगा लागतात. दुसरीकडे खेळही चालू आहेत. न्यूयॉर्कमध्ये डॉमिनिक आन्सेल यांनी २०१३ साली क्रोसाँ आणि डोनट एकत्र करून 'क्रोनट' काढला. पॅरिसच्या एका बेकरीने क्रोसाँत कुकीचं पीठ भरून 'क्रूकी' केला आणि २०२४ साली तो तुमच्या-आमच्या मोबाइलवर धुमाकूळ घालून गेला. किप्फेर्लपासूनचा प्रवास बघता यात भ्रष्ट झालं वगैरे म्हणायचं कारण नाही. हा पदार्थ मुळात बदलतच इथवर आलाय.

तुम्ही काय करायचं?

पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी दोन प्रश्न विचारा. 'हे इथेच बनतं का?' आणि 'यात लोणी आहे की मार्जरिन?' लाजू नका, वडापाव घेताना तेल कसलं आहे ते आपण बघतोच. पॅकबंद असेल तर मागचं बारीक छापलेलं वाचा. लोण्याऐवजी 'व्हेजिटेबल फॅट' किंवा मार्जरिन लिहिलं असेल, तर तो लोण्याचा क्रोसाँ नाही, पुढे फ्रेंच झेंडा छापलेला असला तरी.

हातात आला की आधी तोला. चांगला क्रोसाँ दिसतो त्या मानाने हलका लागतो. बाहेरून दाबला तर कुरकुरला पाहिजे. मधून कापला तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसल्या पाहिजेत. गच्च पाव दिसला तर लोणी कुठेतरी वितळलंय किंवा फुगायला वेळ दिलेला नाही. खाल्ल्यावर तोंडात लोण्याची चव राहावी, टाळूवर तेलकट थर राहू नये. आणि हो, साठ ग्रॅमच्या क्रोसाँत अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, तेव्हा रोज 'फक्त एकच' म्हणताना हा आकडा लक्षात असू द्या.

उच्चाराचं म्हणाल, तर त्याची काळजी सोडा. फ्रेंचांनी किप्फेर्लचं नावच बदलून टाकलं होतं, तुम्ही निदान प्रयत्न तरी करताय. टेबलावर सांडलेले पापुद्रे मात्र बोटाने टिपून खा. दोन दिवसांची मेहनत आहे ती कुणाची तरी.